गॅरेजवाल्या हातांचं काळं कसं काढायचं: आधी तेल, मग साबण, पाणी सगळ्यात शेवटी

अरे भाऊ, तुझा प्रश्न वाचला. आयटीआय करून टू-व्हीलरच्या गॅरेजला लागलास, रोज संध्याकाळी पेट्रोलने हात धुतोस, वरून कपडे धुवायची पावडर लावून घासतोस, तरी बोटांच्या रेघांत आणि नखांच्या कडेला काळं तसंच बसलेलं, आता तर भेगा पडल्यात, जेवताना लिंबू पिळलं की आग होते, आणि पुढच्या महिन्यात बहिणीचं लग्न. मी इंदूरलाच सांवेर रोडकडे गॅरेज चालवतो, टू-व्हीलरपासून टेम्पो-ट्रकपर्यंत सगळं हाताखालून गेलंय, कितीतरी पोरं माझ्याकडे शिकून गेली आणि प्रत्येकाला मी आधी हात धुवायला शिकवतो, मग पाना धरायला. म्हणून जरा लांबण लावतो, नीट वाचून घे.

पेट्रोल आज संध्याकाळपासून बंद कर. रॉकेल, डिझेल, थिनर, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, सगळंच. तू म्हणशील पेट्रोलने तर लगेच निघतं. निघतं ना, पण ग्रीसबरोबर कातडीची स्वतःची चरबीही घेऊन जातं. तळहाताची वरची कातडी म्हणजे मेलेल्या पेशींचे थर, त्या थरांच्या मधे मेणचट चरबी असते, तीच कातडीला मऊ ठेवते आणि बाहेरचं आत जाऊ देत नाही. पेट्रोलने ती गेली की हात पांढरट, खरखरीत होतात, मग बारीक चिरा पडतात, आणि दुसऱ्या दिवशीचं जळकं ऑइल नेमकं त्या चिरांत जाऊन बसतं. संध्याकाळी ते निघत नाही म्हणून तू आणखी जोरात घासतोस, आणखी चिरा. म्हणजे तुझं धुणं कमी पडत नाहीये, तुझी कातडी फाटलीये म्हणून काळं राहतंय, आणि कातडी फाडून राहिलंय ते धुणंच. एवढं एक डोक्यात बसलं की बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

पेट्रोलच्या आणखी भानगडी आहेत. त्यात बेन्झीन असतं, बीएस-६ म्हणजे आताच्या प्रदूषण नियमांच्या पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत परवानगी आहे, आणि बेन्झीनने रक्ताचा कॅन्सर होतो हे पक्कं ठरलेलं आहे, मग ते रोज हातावर आणि नाकात कशाला घ्यायचं. शिवाय पेट्रोलची वाफ उणे ४० डिग्रीच्या आसपासही पेट घेण्याइतकी सुटते, आपल्याकडे तर मे महिन्यात बघायलाच नको, ती जमिनीलगत पसरते, पलीकडे कुणी ग्राइंडर लावला किंवा बिडी पेटवली की संपलं, आणि तुझे दोन्ही हात पेट्रोलच्या ट्रेमध्ये. ब्रेक क्लीनरचं सांगायचं तर कॅलिफोर्नियात १९९९-२००० च्या सुमारास गाड्या दुरुस्त करणाऱ्या काही मेकॅनिकांच्या हातापायांना मुंग्या, बधिरपणा यायला लागला, नसाच खराब झालेल्या, आणि तपासात नाव आलं ते त्यांच्या क्लीनरमधल्या एन-हेक्झेन नावाच्या रसायनाचं. तो स्प्रे ब्रेकच्या पार्टसाठी आहे, तिथेच मार, तोही हातमोजे घालून आणि हवा खेळती ठेवून.

कपड्याच्या पावडरीचंही तेच रडगाणं. त्यात धुण्याचा सोडा असतो, पाण्यात तिचा पीएच, म्हणजे आंबट-खारटपणा मोजायचा आकडा, १० च्या आसपास किंवा वर जातो, आणि कातडीचा स्वतःचा असतो साधारण ५. रोज एवढा फरक सोसायला लावलास तर भेगा पडणारच.

आता ते काळं नक्की काय आहे बघ. नवीन ऑइल हातावर सांडलं तर साध्या साबणाने निघतं, तूही बघितलं असशील. जळकं ऑइल निघत नाही कारण त्यात इंजिनाच्या जळणाची काजळी असते, एका मायक्रॉनपेक्षाही बारीक कण, आणि ऑइलमध्ये कंपनीनेच टाकलेली रसायनं ती काजळी खाली बसू न देता तरंगती ठेवतात, इंजिनासाठी ते चांगलंच आहे पण तेच ऑइल हाताला लागलं की काजळी प्रत्येक रेघेत पोचते. ग्रीसची तऱ्हा वेगळी. ग्रीस म्हणजे ऑइल आणि ते घट्ट धरून ठेवणारा एक साबण, बहुतेक ग्रीसमध्ये लिथियमचा, आणि हा साबण पाण्यात विरघळत नाही, म्हणून कोनसेटचं, म्हणजे हँडलच्या बेअरिंगचं, ग्रीस लागलेला हात नळाखाली धरलास तर पाण्याचे नुसते थेंब होऊन ओघळतात, ग्रीस जागचं हलत नाही. सगळ्यात चिवट कारच्या ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटमधलं काळं मोली ग्रीस, त्यातलं मॉलिब्डेनम डायसल्फाइड पृष्ठभागाला चिकटून राहावं म्हणूनच घातलेलं असतं आणि ते हातालाही तसंच चिकटतं. आणि चेनचा मळ म्हणजे ऑइल, रस्त्याची धूळ, लोखंडाचा चुरा सगळं एकत्र, तो चोळताना कातडीवर ओरखडे पाडतो म्हणून आधी पुसून घ्यायचा, चोळायचा नंतर.

मग काढायचं कसं. सुरुवात कोरड्या हातांनी, नळाकडे जायचंच नाही. ओल्या हातावर साबण लावला की पाण्याचा थर मधे येतो आणि साबण ग्रीसपर्यंत नीट पोचतच नाही, नुसता फेस होतो आणि आपल्याला वाटतं हात धुतले. आधी कोरड्या फडक्याने किंवा जुन्या पेपराने जेवढं वरवरचं आहे तेवढं पुसून टाक. मग खायचं तेल, एक छोटा चमचा, बास. आपल्या माळव्यात घरोघरी सोयाबीनचं असतंच, तेच चालतं. खोबरेलही उत्तम पण डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे ते डबीत गोठून बसतं. हा काही नुसता घरगुती नुसखा नाही बरं का, सोयाबीन तेलापासून केलेलं मिथिल सोयेट नावाचं द्रावण कारखान्यांमध्ये मशीनचं ग्रीस उतरवायला वापरतात, तत्त्व तेच, तेलातच तेल सुटतं.

तेल घेऊन दीड-दोन मिनिटं चोळ, घड्याळ लावून बघ, आपल्याला वाटतं त्यापेक्षा हा वेळ मोठा असतो. तळहात आपोआप चोळले जातात, तिथे लक्ष द्यायची गरज नाही, काळं बसतं ते दुसरीकडे: अंगठ्याच्या नखाचे दोन्ही कोपरे, तर्जनीची बाहेरची बाजू जिथे पाना टेकतो, बोटांच्या पेरांवरच्या आडव्या घड्या, आणि दोन बोटांमधली खाच. घड्यांसाठी मूठ वळव म्हणजे कातडी ताणली जाऊन घडी उघडते, मग दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तिथे गोल गोल फिरव. थोड्या वेळात तेल आधी तपकिरी, मग काळं होताना दिसेल, म्हणजे रेघेतलं सुटून वर यायला लागलंय.

इथे बहुतेक पोरं घाई करतात आणि तसंच पाण्याखाली हात धरतात. तसं नाही करायचं. ते काळं तेल आधी स्वच्छ कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घे, नाहीतर सुटलेली काजळी साबणाबरोबर परत सगळ्या हाताला लागते. फार मळलेले असतील तर पुन्हा थोडं तेल, पुन्हा पुसणं. मग भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, अजूनही पाणी नाही, तसंच चोळ, चिकट पांढुरकं होईल, मग ओंजळभर पाणी घेऊन फेस कर, नखांना मऊ ब्रश मार, आणि मग धू. पाणी कोमट असलं तर छान, कढत नको, कढत पाणीसुद्धा कातडीची चरबी घेऊन जातं. लिक्विड थोडंच घ्यायचं आणि भांड्यांची वडी नको, तिच्यात सोडा आणि खरखरीत पूड असते.

पाण्यावरून आठवलं, आपल्या इंदूरची एक गोष्ट बाहेरच्या कुणाच्या सल्ल्यात सापडणार नाही. गॅरेजमध्ये जास्त करून बोरिंगचं पाणी असतं आणि माळव्यातलं बोरिंगचं पाणी जड, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, बादलीच्या कडेला पांढरा थर जमतो बघ. साधा अंघोळीचा साबण या पाण्यात फेस कमी देतो आणि एक चिकट साका तयार करतो, त्या साक्यात काजळी अडकली की हातावर करडा थर बसतो जो पुसून जात नाही. माझ्याकडची पोरं म्हणायची, काका, घरी हात निघतात, इथे निघत नाहीत. कारण घरी नळाला नर्मदेचं पाणी, ते बोरिंगपेक्षा हलकं. म्हणून गॅरेजमध्ये वडीच्या साबणाऐवजी लिक्विड ठेव, त्याचा तसा साका होत नाही, आणि शेवटच्या धुण्यासाठी नर्मदेच्या पाण्याचा एखादा कॅन भरून ठेवता आला तर ठेव, फरक डोळ्यांनी दिसेल. रिठ्याचं पाणीही जड पाण्यात चालतं, रात्री रिठे भिजत घालायचे, सकाळी उकळून गाळून बाटलीत भरायचं, हाताला फार मऊ पडतं, फक्त डोळ्यांत जाऊ देऊ नकोस, भयंकर झोंबतं. आणि दोन-तीन दिवसांच्या वर ठेवू नकोस, आंबतं.

घासायला काय घ्यायचं हाही प्रश्न असतोच. तेलात चिमूटभर साखर टाकणं मला सगळ्यात बरं वाटतं, दाणे घासतात आणि पाणी लागलं की विरघळून जातात, नाली तुंबत नाही. मीठ नको, भेगांत गेलं की डोळ्यांतून पाणी येईल. लाकडाचा भुसा जुन्या मिस्त्रींचा आवडता आणि खरंच चांगला, ऑइल पिऊन घेतो, पण चाळलेला पाहिजे, आणि सागाचा नको कारण सागाच्या भुशाने काहींच्या अंगाला खाज उठते, प्लायवूडचाही नको, त्यात चिकटवायचं रसायन असतं. पॅकिंगच्या पेट्यांच्या पांढऱ्या लाकडाचा मिळाला तर घे. डाळीचं पीठ शेवटी उरलेलं तेलकटपण काढायला छान, घरी गेल्यावर आईकडून मूठभर जुनं पीठ माग. वाळू, रांगोळी, तारेची घासणी, पायाची वजरी, हे हाताला अजिबात लावायचं नाही, एका दिवसात हात स्वच्छ दिसतो आणि पुढचे आठ दिवस दुप्पट काळं धरतो. लिंबू-साखरेचा सल्ला तुला दहा जण देतील. तुझ्या हातांना आत्ता भेगा आहेत म्हणून नकोच, आणि एरवीही लिंबू चोळून नीट न धुता उन्हात गेलं तर कातडीवर फोड आणि काळे डाग येऊ शकतात. कपडे पांढरे करायचं क्लोरीनचं पाणी तर हातावर नकोच नको.

बाजारात मेकॅनिकांसाठी हात धुवायच्या पेस्ट मिळतात, संत्र्याचा वास असलेल्या. चांगल्या असतात, त्यातलं डी-लिमोनीन संत्र्याच्या सालीतून येतं आणि ग्रीस झपाट्याने सोडतं. कोरड्या हातावरच लावायच्या, डब्यावरही तेच लिहिलेलं असतं पण वाचतं कोण. डबा उघडा ठेवू नकोस, हवेने लिमोनीन बदलतं आणि मग काहींना त्याची ॲलर्जी होते. सियागंजच्या बाजारात घाऊक भावात बघ, चार-पाच गॅरेजवाले मिळून मोठा डबा घेतला तर परवडतो. पण रोजच्या साध्या मळाला तेल आणि लिक्विड पुरतं, पेस्ट ओव्हरहॉलिंगच्या दिवसासाठी राखून ठेव.

खरं काम मात्र सकाळी, काम सुरू करायच्या आधी होतं, आणि ते कुणी करत नाही याचं मला फार वाईट वाटतं कारण दोन मिनिटांचं काम आहे. नखं कापलेली ठेव. साबणाच्या ओलसर वडीवर दहाही नखं ओरबाड म्हणजे नखांखाली साबण भरून बसतो, दिवसभर तिथे ऑइलला जागाच नाही, संध्याकाळी पाणी लागलं की सगळं धुऊन बाहेर. मग नखांच्या कडेला आणि पेरांवर पेट्रोलियम जेलीचं अगदी बारीक बोट फिरव, तळहाताला नको, पाना सटकेल. अंगठी असेल तर काढून खिशात टाक. एक तर अंगठीखाली ऑइल अडकून तिथूनच खाज सुरू होते, दुसरं म्हणजे बॅटरीचं काम करताना टर्मिनल आणि चेसिसच्या मधे अंगठी आली तर ती क्षणात लाल होते, बोट भाजतं.

हातमोजे नायट्राइलचे घे, पाच-सहा मिल जाडीचे (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटर नव्हे), दवा बाजारात डबा स्वस्त पडतो. पांढरे रबराचे डॉक्टरी मोजे ऑइलने फुगून फाटतात. कापडी मोजे तर ऑइलच्या कामाला मोज्यांशिवाय असण्यापेक्षा वाईट, ऑइल पिऊन ते दिवसभर कातडीला लावून ठेवतात. आत ऑइल गेलं की मोजा फेकायचा, उलटा करून परत घालायचा नाही. आणि हे नीट ऐक, ड्रिल मशीनवर, ग्राइंडरवर, फिरत्या कुठल्याही भागाजवळ मोजे घालायचे नाहीत, ते ओढून नेतात. चेन साफ करताना इंजिन बंदच पाहिजे, चाक हातानेच फिरवायचं. गाडी गिअरमध्ये टाकून चालू चेनवर फडकं धरणारे मी बघितलेत, फडकं स्प्रॉकेटमध्ये जातं आणि त्याच्याबरोबर बोटं.

फडक्यावरून आणखी एक. ऑइलचं फडकं पँटच्या खिशात कोंबायची सवय असेल तर आजच सोड. ऑइल कापडातून मांडीला लागत राहतं, दिवसचे दिवस. १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या सर्जननी धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोषाच्या कातडीचा कॅन्सर काजळीमुळे होतो हे मांडलं, आणि पुढे इंग्लंडच्या कापड गिरण्यांत सूतकताईच्या मशीनवर काम करणाऱ्यांनाही तोच रोग झाला, मशीनचं खनिज तेल उडून कपड्यांत मुरायचं म्हणून. आजची तेलं तेव्हापेक्षा बरीच शुद्ध केलेली असतात, पण वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये जळणातून तसलीच द्रव्यं परत जमा होतात, उंदरांच्या कातडीवर वापरलेलं ऑइल वारंवार लावून बघितलं तेव्हा त्यांना कातडीचा कॅन्सर झाला. घाबरून काम सोडायचं कारण नाही, ऑइल कातडीवर तासन्‌तास राहू द्यायचं नाही एवढंच. म्हणून फक्त संध्याकाळी नाही, जेवायच्या आधीही हात धू. सकाळी टपरीवर पोहे चमच्याने खाल्ले जातात पण कचोरी हातानेच, आणि तंबाखू मळणारे तर त्याच तळहातावर मळून तोंडात टाकतात. दिवसातून दोनदा तेल-लिक्विडचं धुणं, मधे नुसतं पुसणं, एवढं पुरे.

धुऊन झाल्यावर हात पूर्ण कोरडे कर, बोटांच्या मधेसुद्धा, आणि थोडं खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली चोळ. रात्री झोपताना जरा जास्त लाव आणि जुने सुती मोजे घालून झोप, पायातले धुतलेले चालतील. ही पायरी सोडलीस तर वरचं सगळं फुकट, भेग बुजेपर्यंत काळं बसायला जागा राहणारच.

आता लग्नाचं. आधीच मुरलेलं काळं एका दिवसात जाणार नाही, कुणी जातं म्हणालं तरी ऐकू नकोस. वरची कातडी झडून नवी यायला साधारण चार आठवडे लागतात, तुझ्याकडे महिना आहे, म्हणजे नेमका वेळ आहे, पण आजपासून. पहिल्या आठवड्यात आग थांबेल, पुढे भेगा बुजायला लागतील, मग रेघा हळूहळू उजळतील. शेवटचे तीन-चार दिवस उस्तादांना सांगून इंजिनाचं काम टाळ, वायरिंग, वॉशिंग, बिलं, काय मिळेल ते कर. लाजाहोमाला बहिणीच्या ओंजळीत लाह्या तूच घालणार, नवरदेवाचा कान पिळायलाही तूच, आणि फोटोवाला नेमका तिथेच कॅमेरा धरतो. आदल्या दिवशी घाबरून पेट्रोल लावू नकोस, हात पांढरे फटफटीत आणि चिरलेले दिसतील.

पुसलेली फडकी आणि जळकं ऑइल नालीत टाकू नकोस हेही सांगून ठेवतो. इंदूरच्या नाल्या कान्ह नदीला मिळतात आणि कान्ह जाते उज्जैनला क्षिप्रेत. ऑइल डब्यात साठवून परवानावाल्या रिसायकलवाल्यालाच द्यायचं, वर पैसेही मिळतात. ऑइलची फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, कोपऱ्यात ढीग करून नाही.

डॉक्टरकडे कधी जायचं ते शेवटी. दोन-तीन आठवडे हे सगळं करूनही भेगा ओल्या राहिल्या, पाणी-पू यायला लागला, किंवा खाज मनगटाच्या वर चढली तर एमवाय या सरकारी हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीला दाखव, मेडिकलवरून कुठलीही ट्यूब आणून लावू नकोस. जाताना तू वापरतोस त्या ऑइल, ग्रीस, क्लीनर सगळ्यांच्या डब्यांचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा, डॉक्टरांना ॲलर्जी कशाची ते शोधायला सोपं जातं. आणि एका गोष्टीत दोन-तीन आठवडे काय, एक तासही थांबायचं नाही: ग्रीस गनचा किंवा डिझेल इंजेक्टरचा प्रेशरचा फवारा बोटावर बसला आणि नुसतं सुईएवढं भोक दिसलं, दुखतही नसलं, तरी तसाच उठून हॉस्पिटल गाठ आणि तिथे स्पष्ट सांग की प्रेशरने ग्रीस आत गेलंय. वरून काही दिसत नाही पण आत ते बोटभर पसरलेलं असतं, ऑपरेशन करून साफ करावं लागतं, उशीर झाला तर बोट काढावं लागू शकतं.